पंचमीला न दुखलेला गुडघा

पणदरे, बुधवार २० ऑगस्ट २०२५

ही डायरी माळेगाव कारखान्याची आहे आणि खरं म्हणजे ह्यांची आहे. हे तिथं उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दर जानेवारीला कुणाकडून तरी एक डायरी मागून आणतात आणि तिच्यात पाऊस किती पडला तेवढंच लिहितात. बाकी पानं कोरी. डॉक्टरांनी मला सहा आठवडे खाटेवर बसवलंय आणि कोरं पान वाया गेलेलं मला बघवत नाही, म्हणून पावसासकट डायरी मी ताब्यात घेतली.

झालं ते लिहून ठेवते. राखीपौर्णिमेला माझ्या मुलानं, ऋषिराजनं, मला गाडीतून इंदापूरला माझ्या भावाकडं नेलं. राखी झाली, जेवणं झाली, येताना निमगाव केतकीत डाळिंबं घेतली. लासुर्णे मागं पडलं आणि एक रेडकू आडवं आलं. ऋषिराजनं चाक फिरवलं, गाडी लिंबाच्या झाडाला भिडली. त्याला कपाळाला दोन टाके पडले. मी पुढं बसले होते, माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. रेडकाला खरचटलंसुद्धा नाही. राखी मी भावाला बांधली आणि देवानं रक्षा केली रेडकाची.

बारामतीच्या दवाखान्यात तार घालून वाटी बांधली. तिथला पोरगेला डॉक्टर फार गुणी. काय काय होतंय म्हणाला. मी म्हटलं, आलोच आहोत तर सगळंच दाखवून घ्यावं. मग दहा वर्षं दोन्ही गुडघे कसे ठणकतात, मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, कमरेत उसण भरते, डाव्या कानात शिट्टी वाजते, सगळं सांगितलं. पोरानं एक शब्द न गाळता लिहून घेतलं. हल्ली एवढं ऐकतं कोण?

खर्चाची काळजी नाही. ऋषिराजनं दोन वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्यांचा विमा उतरवलाय. आधी आपण भरायचे, मग कंपनी देते, असं म्हणाला. कुठून भरले विचारलं तर म्हणाला, सोय झाली, तू पड.

संस्कृती, आमची सून, माझं चांगलं बघते. एकच गोष्ट खटकते. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. तिच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या आंघोळीलासुद्धा न काढणारी पोरगी. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला उचलताना टोचतील, आत्या. मी काही एवढी जड नाही. नवीन फॅशन असेल.

संध्याकाळी हे वाटीत कोमट तेल घेऊन आले आणि पट्टी बघून परत गेले. दहा वर्षांचा नेम आहे ह्यांचा. म्हशीची धार काढून झाली की माझा गुडघा चोळायचा, कधी डावा, कधी उजवा. माझं दुखणं फिरतं आहे. आता टाके वाळेपर्यंत तेल बंद.

गुरुवार २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. मी खाटेवरूनच आरती म्हटली, सगळ्यांत मोठ्यानं.

आज विमा कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. काय अदब! तब्येत कशी आहे, जेवण जातं का, झोप लागते का. घरात असं कुणी विचारत नाही. मग म्हणाली, गुडघ्यांचा त्रास किती वर्षांपासून आहे? मी म्हटलं, दहा. ती 'अरेरे' म्हणाली, एवढं मनापासून म्हणाली की मी म्हटलं, बाराच धर बाळा. फोन रेकॉर्ड होतोय म्हणाली. म्हटलं होऊ दे, चोरी थोडीच केलीय. पाऊण तास बोललो. शेवटी मी तिला लग्न ठरलंय का तेही विचारलं.

ह्यांना म्हटलं, कंपनी चांगली आहे. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. हे गोठ्याकडं निघाले.

शुक्रवार १२ सप्टेंबर

कंपनी चोर आहे.

पत्र इंग्रजीत आलं, ऋषिराजनं दोनदा वाचून दाखवलं. गुडघ्याचा आजार दहा वर्षं जुना आहे, विमा घेताना तो लपवला, म्हणून एक पैसाही मिळणार नाही. मी म्हटलं, म्हणजे ते रेडकू दहा वर्षांपूर्वी आडवं आलं होतं का? फुटलेल्या वाटीचा आणि जुन्या दुखण्याचा काय संबंध? ऋषिराज पत्राची घडी घालत, उलगडत बसला. संस्कृती आत गेली ती बराच वेळ आली नाही. एक लाख चाळीस हजाराला एवढं तोंड पाडून बसायचं कारण नाही, ऋषिराजला एमआयडीसीत चांगली नोकरी आहे.

मला राग वेगळाच आलाय. त्यांना दहा वर्षांचं सांगितलं कुणी? घरातलंच कुणीतरी असणार. माझा संशय ह्यांच्यावर आहे. चहाच्या टपरीवर बसले की ह्यांना गप्प राहवत नसेल.

रविवार १४ सप्टेंबर

संस्कृतीची कॉलेजातली मैत्रीण अंजुम आली होती. बारामतीला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज भरून भरून निम्मी वकील झालीय. एक तास फाईल वाचली, तीन कप चहा प्याली, मग दवाखान्याच्या एका कागदावर बोट ठेवून म्हणाली, "काकी, हितं लिवलंय. पेशंटच्या स्वतःच्या तोंडची माहिती, असं वर लिवलंय बघा."

मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, डाव्या कानात शिट्टी. शिट्टीसुद्धा सोडली नाही मेल्यानं. गुणी म्हणे! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं मी त्याला म्हणणार होते, पण जीभ कुणाची होती ते आठवलं. ह्यांच्याकडं बघितलं नाही. ते म्हशीला पाणी दाखवायला गेले.

अंजुम म्हणाली, आधी कंपनीलाच तक्रार करायची. सोबत गुडघे अपघाताआधी धडधाकट होते असा काही पुरावा जोडता आला तर फार बरं. संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. काय बघायचं होतं तिला, कोण जाणे. मी स्पष्ट सांगितलं की गुडघे दुखायचेच, मग पुरावा कुठला आणायचा? तसंच लिहा, की दुखायचे पण फुटलेले नव्हते.

टाके वाळलेत. संध्याकाळी हे तेल घेऊन आले. उजवा चोळू का म्हणाले. चोळा म्हटलं.

गुरुवार ९ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं. पुन्हा नकार, आणि आता वर एक ओळ जास्त. 'रुग्णाने २८ ऑगस्टच्या संभाषणात त्रास बारा वर्षांचा असल्याचे सांगितले.'

आज जास्त लिहीत नाही. जेवणही गेलं नाही.

शुक्रवार १७ ऑक्टोबर, वसुबारस

अंजुमनं सांगितलंय की आता पुण्याच्या विमा लोकपालांकडं जायचं. फी नाही आणि वकील चालत नाही, आपलं आपण बोलायचं. त्यासाठी फाईल लावायला घेतली. दवाखान्याच्या पावत्यांत एक निराळा कागद निघाला. पतसंस्थेचा. सोनं तारण, पाटल्या दोन, संस्कृती ऋषिराज. तारीख ११ ऑगस्ट. माझ्या ऑपरेशनचा दिवस.

कागदाची घडी घालून कमरेला खोचली. तिची आई गेली तेव्हा संस्कृती बारावीला होती. त्या पाटल्यांशिवाय आईचं तिच्याकडं काहीच नाही. आणि मी म्हणे, फॅशन! मी एवढी जड नाही म्हणे! मला माझीच लाज वाटली.

ती गोठ्यात गाय-वासराची पूजा मांडत होती. काठी टेकत गेले. म्हटलं, मला सांगायचं नाहीस? ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी शुद्धीत न्हवता, आत्या. आन् नंतर सांगितलं असतं तर तुमी रडला असता. तुमी रडल्या की लई येळ रडता." खरं आहे ते. मी तिथंच रडले.

मग मीच विचारलं. "तो पंचमीचा व्हिडिओ. पुसलास ना?"

ती वासराच्या कपाळाला कुंकू लावत राहिली. म्हणाली, "स्टेटसवरनं काढला. फोनमधनं न्हाय."

आता ते लिहावंच लागेल. ह्या वर्षी नागपंचमीला, म्हणजे अपघाताच्या अकरा दिवस आधी, देवळापुढं बायका खेळत होत्या. मी नुसती बघायला गेले होते. पण बसफुगडीचे बोल सुरू झाले आणि माझ्या पायांनी माझं ऐकलं नाही. उकिडवी बसले आणि तीन पोरीबाळींना दमवलं. संस्कृतीनं ते फोनवर काढून सगळ्या गावाला दाखवलं. मी तिला अशी झापली की तीन दिवस आम्ही बोललो नाही. माझ्या वयाला शोभत नाही, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

कशाला ठेवलास, म्हणून विचारलं. तर म्हणाली, "कधी भांडण झालं तर उपयोगी पडंल म्हणून." पोरगी माझ्या तालमीत तयार झालीय.

रविवार १९ ऑक्टोबर

व्हिडिओ द्यायचा तर खरं सांगावं लागणार. म्हणून आधी इथं सांगून बघते, डायरीला तोंड नाही.

दहा वर्षांपूर्वी नवरात्रात माझा गुडघा खरोखर सुजला होता, आठ दिवस. हे तेव्हा कारखान्यावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि दमलीस का असं ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. माणूस वाईट नाही, बोलणं कमी. त्या आठ दिवसांत हे रोज तेल कोमट करून आणायचे आणि खाली बसून माझा गुडघा चोळायचे. चोळता चोळता काट्यावरच्या गमती सांगायचे. कुणी उसाच्या मोळीखाली दगड घातले, कुणाचा बैल काट्यावरच बसला. मला माहीतच नव्हतं की हे एवढं बोलतात.

नवव्या दिवशी सूज गेली. मी सांगितलंच नाही. मग ह्यांनी धारसुद्धा स्वतःकडं घेतली, तुझ्यानं बसवणार नाही म्हणाले. पुढं सून आली, झाडलोट तिच्याकडं गेली. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. माझं आठ दिवसांत गेलं होतं, मीच त्याला दहा वर्षं दारात बांधून ठेवलं.

हे कळल्यावर ह्यांनी तेल आणायचं बंद केलं तर? पण पाटल्या तरी मी कुणाच्या जिवावर घालवायच्या?

संध्याकाळी तेल नको म्हटलं. हे वाटी घेऊन परत गेले.

गुरुवार २३ ऑक्टोबर, भाऊबीज

ह्या खेपेला भाऊच इंदापूरहून आला. मला गाडीत बसवायची कुणाची हिंमत नाही. त्याला सगळं सांगितलं, पंचमीचं सोडून. लोकपालांचा अर्ज अंजुमनं भरला, व्हिडिओ जोडला. मी सही केली.

मंगळवार २५ नोव्हेंबर

कारखाना सुरू झालाय. दिवसभर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. मी काठी न घेता परसापर्यंत गेले आणि आले. माझी नात छकुली मोजते. आज एकशे चाळीस पावलं. लोकपालांकडून काही नाही.

रविवार ४ जानेवारी २०२६

नवीन डायरी. ह्या खेपेला ह्यांनी दोन मागून आणल्यात. एक गुपचूप माझ्या उशाशी ठेवली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पत्र आलंय, सुनावणी वीस तारखेला, फोनवरच, चित्रासकट. घरातल्या सगळ्यांनी मला बजावलंय की विचारतील तेवढंच बोलायचं. छकुलीनंसुद्धा.

मंगळवार २० जानेवारी

झालं एकदाचं.

आम्ही चौघं अंजुमच्या दुकानात बसलो. तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि संगणकापुढं मला बसवलं. हे माझ्या शेजारी. पडद्यावर लोकपाल मॅडम, पांढरे केस, चष्मा. दुसऱ्या चौकटीत कंपनीचा माणूस, टाय लावलेला. तिसऱ्या चौकटीत आम्ही दोघं, लग्नाच्या फोटोत बसलो होतो तसे.

मॅडमनी व्हिडिओ बघितला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, सणाच्या भरात माणूस दुखणं विसरतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. डॉक्टरांना दहा वर्षं आणि आम्हाला बारा वर्षं, हे बाईंनी स्वतःच सांगितलंय. मुद्दा खोटा नव्हता. मॅडमनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "जयवंताबाई, तुम्हीच सांगा. तुम्ही डॉक्टरांना खोटं सांगितलंत का?"

ह्यांचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. मागं संस्कृतीच्या काचेच्या बांगड्या वाजल्या. ठरवलेलं सगळं विसरले आणि घरात बोलते तसं तोंडातून आलं.

"मॅडम, माझं गुडघं काम बघून दुखायचं. धारंला बसायचं म्हटलं की दुखायचं, पंगतीला बसताना न्हाय दुखायचं. एकदा खरं दुखलं होतं, आठ दिस. म्होरली दहा वर्सं मी त्या आठ दिसांवर काढली. आन् ती वरची दोन वर्सं त्या फोनवरच्या पोरीला वाईट वाटावं म्हणून लावली. लबाडी केली ती घरात केली, कंपनीशी न्हाय केली. त्या लबाडीपायी माझ्या सुनंच्या आईच्या पाटल्या गेल्यात."

कंपनीच्या माणसानं त्याचा आवाज बंद केला, पण खांदे हलत होते ते दिसलं. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही घरच्यांसमोर सांगताय?"

"व्हय. शेजारीच बसल्यात."

मॅडमनी ह्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. हे म्हणाले, न्हाय.

घरी येताना ऋषिराज पंधराच्या वेगानं चालवत होता. आल्यावर हे सरळ गोठ्यात गेले. मी दारात बसून राहिले. मला वाटत होतं की ओरडले तरी बरं, पण हे ओरडणारे नाहीत.

बुधवार २१ जानेवारी

पहाटे उठून गोठ्यात गेले. उकिडवं बसवत नाही अजून, म्हणून छकुलीचं स्टूल घेतलं. म्हशीनं मागं वळून बघितलं, दहा वर्षांनी ओळख काय पटणार. हे आले, मला बघितलं, दुसऱ्या म्हशीखाली बसले. अर्धा लिटर मी सांडलं.

सोमवार ९ फेब्रुवारी

निकाल आला! कंपनीनं सगळे पैसे द्यायचे. ऋषिराजनं वाचून दाखवलं. अपघातानं फुटलेल्या वाटीचा जुन्या तक्रारीशी संबंध नाही, जुना आजार असल्याचा एकही तपासणीचा कागद नाही, आणि 'तक्रारदाराचे निवेदन प्रांजळ वाटते.' प्रांजळ हा शब्द मी त्याला तीनदा वाचायला लावला. साठाव्या वर्षी मला हे सरकारी शिक्क्यानिशी मिळालं.

अंजुमला साडी घेणार आहे. नको म्हणाली तरी घेणार आहे.

शनिवार २१ फेब्रुवारी

पैसे गुरुवारी खात्यात आले. आज सकाळीच ऋषिराज आणि संस्कृती पतसंस्थेत जाऊन पाटल्या सोडवून आले. मी म्हटलं, हिकडं आण, मी घालते. ती समोर बसली. मी तेल लावून एकेक पाटली चढवली. दुसरी अंगठ्याशी अडली तेव्हा ती ओरडली, मी म्हटलं, गप, माझ्यासारखी सोंगं करू नकोस. तेव्हा दोघी इतक्या हसलो की छकुली बघायला आली. ती म्हणाली, आजी, तू मांडी घातलीस! खरंच घातली होती. कधी बसले ते कळलंच नाही. उठताना मात्र खरी आई आठवली.

दुपारपासून डावा गुडघा ठणकत होता. ठणकतोय असं कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही, म्हणून गप्प पडून होते.

संध्याकाळी धार झाल्यावर हे आत आले. हातात तेलाची वाटी. चार महिन्यांनी. खाटेपाशी खाली बसले, तेल बोटानं कोमट आहे का बघितलं. मी म्हटलं, राग गेला का? तर म्हणाले, राग कसला. मला पयल्याच वर्सी कळलं होतं.

मी उठून बसले. म्हटलं, कसं?

"डावा दुखतोय म्हणायचीस आन् उजवा पुढं करायचीस."

म्हणजे दहा वर्षं हे न दुखणारा गुडघा चोळत होते, आणि ते ह्यांना माहीत होतं. ह्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, काट्यावरची एक गंमत सांगायची राहिलीया तुला.

मी गुपचूप डावा पुढं केला.